झाकण उघडता येतं का?

मूल बालवर्गात जायचं ठरलं की घरातल्या मोठ्या माणसांना अचानक अभ्यास आठवतो. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लागतो. आल्यागेल्यासमोर एक ते वीस म्हणून दाखवायची वेळ मुलावर येते. अडचण मात्र भलतीकडेच असते. माझ्या भाचीला फळ्यावरचा 'क' ओळखता येत होता. डबा उघडता येत नव्हता. काही सांडू नये म्हणून हौसेने आणलेला, चारी बाजूंनी खटके असलेला डबा! एका हाताने तो दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा खटक्याखाली घालून वर रेटायचा, हे साडेतीन वर्षांच्या बोटांना जड जातं. तिने झाकणावर चमचा आपटला, दात लावून पाहिले आणि शेवटी डबा उलटा करून त्यावर बसली.

मला विचाराल तर तयारीला डब्यापासूनच लागावं. मग बाटलीचं बूच, बुटाचा पट्टा, चड्डीचं इलॅस्टिक. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण घाईची लागलेली असताना बटणाशी झटापट करण्याइतका धीर मोठ्यांनाही नसतो. शिवाय शी-शूसाठी ज्याच्या त्याच्या घरात एक खास शब्द असतो. तो बाईंना आधीच सांगून ठेवावा. नाहीतर अर्थ लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

किंडरगार्टनची, म्हणजे बालवर्गाची, कल्पना काढणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लँकनबुर्ग इथे या वयाच्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्या हातात लोकरीचे रंगीत चेंडू आणि लाकडी ठोकळेच दिले होते. १८५१ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारने अशा शाळांवर बंदी घातली. ती १८६० पर्यंत उठली नाही. सरकारला त्यात नास्तिकपणा आणि समाजवाद दिसला. आपल्याला निदान नुसता वेळ वाया गेलेला दिसतो.

बोटांची तयारी तरी सोपी. दारातला निरोप अवघड, आणि तो बहुतेक वेळा मोठ्यांनाच जमत नाही. मूल खेळण्यात गुंतलं की हळूच सटकायचं, ही सर्वांची आवडती युक्ती. त्या दिवशी ती चालतेही. दुसऱ्या दिवशी मात्र मूल खेळायला बसतच नाही, आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून उभं राहतं. खेळण्याकडे लक्ष गेलं की माणूस नाहीसं होतं, हे त्याला कळून चुकलेलं असतं. त्यापेक्षा रडलं तरी चालेल, सांगून जावं. सांगितलं की निघावं. खिडकीतून पुन्हा डोकावू नये. 'बारा वाजता येते' म्हणून त्याला काही उमगत नाही. 'डबा खाल्ला, गाणं म्हटलं, की मी दारात' हे उमगतं. आणि मग खरोखर तेव्हा दारात असावं लागतं, ट्रॅफिकची सबब तिथे चालत नाही.

काही मुलं पहिला आठवडा हसत जातात. घरचे निर्धास्त होतात आणि दुसऱ्या सोमवारी भोकाड! हे रोजचंच आहे, हे तोवर त्याच्या ध्यानात आलेलं असतं. काही जण वर्गात अगदी गुणी, पण घरी आल्यावर मोजे काढण्यावरून थयथयाट करतात. तासन् तास शहाण्यासारखं वागून ती दमलेली असतात. या वयाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. तेव्हा पाढे राहू द्यावेत, रात्री लवकर निजवावं.

आणि आल्या आल्या 'आज काय शिकवलं?' असं विचारू नये. उत्तर 'काही नाही' असंच येतं. 'आज कोण कोण रडलं?' असं विचारून पाहा. मग नावानिशी सगळी हकीकत मिळते, कुणाचं नाक किती वेळ वाहत होतं इथपर्यंत. स्वतःचं नाव तेवढं त्यात नसतं.