लोकर आहे, सुई नाही

धुक्यामुळे विमान चार तास उशिरा सुटणार, अशी घोषणा झाली तेव्हा भोवतालच्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला आणि मी मनातल्या मनात हरखले. चार तास! कुणी हाक मारणार नाही, बसायला खुर्ची, आणि पायाशी पिशवीत निळ्या लोकरीचे दोन गुंडे. मी पिशवीची चेन उघडली, क्रोशाचं अर्धवट विणकाम मांडीवर घेतलं आणि सुईसाठी आत हात घातला. पुन्हा घातला. मग पिशवीच मांडीवर उलटी केली.

सुई मोठ्या बॅगेत होती. आदल्या रात्री मीच ठेवली होती, स्वतःच्या दूरदृष्टीचं कौतुक करत. तपासणीत काढून घेतली तर? तशा विणायच्या आणि क्रोशाच्या सुया पुष्कळ ठिकाणी सोबत नेऊ देतात. शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा, एवढंच. पण ती सुई माझी फार लाडकी. ४ मिलिमीटर जाडीची, लाकडी मुठीची, अंगठा टेकतो तिथे गुळगुळीत झालेली. म्हणून तिला मोज्यांच्या जोडीत गुंडाळून बॅगेत घातली आणि ती बॅग स्वतःच्या हातांनी पट्ट्यावर चढवली. आता ती अगदी सुखरूप होती. नको इतकी सुखरूप.

लोकरही घरी राहिली असती, तर मी मुकाट बसले असते. भरलं ताट समोर आणि हात बांधलेले, हा प्रकार जास्त वाईट. त्यात हातातलं काम नेमकं अशाच खोळंब्यासाठी राखून ठेवलेलं. दर पाचव्या टाक्यात एक जादा टाका घालत जायचं, बाकी काही नाही. एवढ्यानेच कापडाला चुण्या पडतात, मग लाटा उठतात, आणि शेवटी ते समुद्रातल्या प्रवाळासारखं दिसू लागतं. १९९७ मध्ये डायना टायमिन्या या गणितज्ञ बाईंनी असलं क्रोशाकाम भूमितीतला एक अवघड पृष्ठभाग दाखवायला वापरलं होतं, कारण त्याच्या कागदी प्रतिकृती हाताळताना फाटायच्या. मी त्याचं उशीवर ठेवायचं काहीतरी करणार होते. भूमिती राहू दे, पण वाढीचा हिशेब मला चांगलाच कळला आहे: २० टाक्यांनी सुरुवात केली तर १० ओळींनंतर सव्वाशेच्या आसपास टाके होतात आणि २० ओळींनंतर साडेसातशेच्या वर. साडेसातशे मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे बुटके टाके, घालायला घरी कधी वेळ मिळतो? इथे मिळाला होता.

मग सुरू झाले प्रयोग. पेन्सिल कडीतून आत गेली, पण लोकर ओढून बाहेर आणेना. पेनच्या टोपणाच्या क्लिपने लोकर धरली, पण कडीतून परत यायला तयार नाही. केसातली पिन उघडून वाकवली. तिने लोकरीचे पदर सुटे केले आणि माझं बोटही टोचलं. क्रोशाच्या सुईचं सगळं शहाणपण टोकाच्या त्या खाचेत असतं हे मला माहीत होतं, पण त्या खाचेला किती बाजूंनी गुळगुळीत असावं लागतं, ते त्या दिवशी समजलं. धरायचं घट्ट आणि निसटायचं अलगद. १५८९ मध्येच विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र बनवलं, पण क्रोशा अजून हातावरच चालतो. क्रोशासारखी दिसणारी कापडं यंत्रावर निघतात, ती निराळी.

एक तास संपला होता. माझे हात मात्र काही ऐकेनात. डावी तर्जनी आपोआप वर व्हायची, लोकर ताणून धरल्यासारखी. उजव्या हाताचा अंगठा चिमटीतल्या हवेला दाबत होता. समोरचे काका माझ्याकडे जरा काळजीनेच बघत होते. विणताना मी विचार करते असं मला आजवर वाटायचं. खोटं आहे ते. विणताना मी विचार करत नाही, म्हणून तर विणते. रिकाम्या हातांनी बसल्यावर गॅस बंद केला का इथपासून सगळं एकेक करून डोक्यात हजर झालं.

शेवटी बोटालाच सुई केलं. सरकगाठ मारायची, कडीत तर्जनी घालायची, पुढची लोकर आकडा करून ओढायची. माझी तर्जनी काही ४ मिलिमीटरची नाही, त्यामुळे साखळीची एकेक कडी दोरखंडाची असावी तशी निघाली. पण निघाली! मी दुसरा, कोरा गुंडा फोडला आणि ओढत सुटले. त्यातली १०० मीटर लोकर साखळीत आटत आटत पायाशी वेटोळं घालू लागली.

"हे काय करताय?" शेजारच्या खुर्चीवरून पाच-सहा वर्षांची मुलगी विचारत होती.

"साखळी."

"कशाची?"

याला उत्तर नव्हतं. मी तिला साखळीचं एक टोक दिलं. ती ते घेऊन दोन खुर्च्या पलीकडे गेली, मग खांबापर्यंत, मग खांबाला वळसा घालून परत. काकांनी पाय उचलून घेतले. तिची आई "मावशींना त्रास देऊ नकोस" म्हणाली आणि स्वतःच वाकून एक अडकलेला पीळ सोडवू लागली.

तेवढ्यात रांगेत उभं राहण्याची घोषणा झाली. चार तासांऐवजी तीनच लागले होते. आणि चक्क मला राग आला.

"आता हे कसं नेणार?" मुलीला चिंता पडली. मी बोट काढून शेवटची कडी मोकळी केली आणि लोकर तिच्या हातात दिली. "ओढ."

तिने हळूच ओढली. एक कडी सुटली, मग दुसरी. ती थबकली, माझ्याकडे बघितलं, आणि लोकर मुठीत धरून धावतच सुटली. खांबाभोवतालची दीड तासाची मेहनत तिच्यामागे टपटप उसवत गेली.