स्नायूवाढीची नोंदवही: कॅलरी, मॅक्रो आणि आमटीचे पातेले

या हंगामातील बल्कचा (स्नायू वाढवण्यासाठी गरजेपेक्षा जास्त खाण्याच्या काळाचा) दुसरा टप्पा पूर्ण झाला असून, केवळ कॅलरी मोजण्याच्या आणि सर्व मॅक्रो (प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ) स्वतंत्रपणे मोजण्याच्या अशा दोन्ही पद्धतींच्या नोंदी आता शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. माझे वजन 68 किलो आहे, आहार शाकाहारी असला तरी त्यात अंडी आहेत, आणि व्यायाम आठवड्यातून चार दिवस स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट व पुल-अप्स यांभोवती बांधलेला आहे. दोन्ही टप्प्यांत व्यायामाचा आराखडा मुद्दाम तोच ठेवला.

पहिल्या टप्प्यात रोज 2600 कॅलरी एवढेच लक्ष्य होते. वजन ठरल्याप्रमाणे वाढले. मात्र टेपने घेतलेल्या मापांत दंडापेक्षा कमरेचा घेर अधिक वेगाने वाढताना दिसला आणि बेंच प्रेस एकाच वजनावर रेंगाळला. त्या काळातील जेवणाची फोड केली असता पोहे, भाकरी, भात, आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि केळी यांतून कॅलरी सहज भरत होत्या, पण प्रथिने 65 ते 70 ग्रॅमच्या पुढे क्वचितच जात होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे माझ्यासाठी सुमारे 56 ग्रॅम. ही शिफारस सर्वसाधारण प्रकृतीसाठी आहे. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यांसाठी आजवरच्या अभ्यासांचा कल दर किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास जातो, आणि हा आकडा मला 110 ग्रॅमपर्यंत नेतो.

कॅलरी आणि प्रथिने यांच्या कामाची वाटणी मला सर्वांत स्पष्टपणे कळली ती अमेरिकेतील लुईझियाना येथील पेनिंग्टन संशोधन केंद्रात झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून. त्यात सहभागी झालेल्या 25 जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज सुमारे 950 कॅलरी अधिक खाऊ घातल्या. फरक इतकाच की प्रथिनांचा वाटा एका गटात 5 टक्के, दुसऱ्यात 15 आणि तिसऱ्यात 25 टक्के होता. चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली, पण चरबीविरहित वजन मधल्या आणि वरच्या गटात सुमारे तीन किलोंनी वाढले, तर सर्वांत कमी प्रथिने घेणाऱ्या गटात ते उलट घटले. वजन वाढणार की नाही हे कॅलरी ठरवतात. वाढलेल्या वजनात स्नायूंसाठी कच्चा माल आहे की नाही हे प्रथिने ठरवतात. म्हणून ‘कॅलरी की मॅक्रो’ असा सामना लावण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण प्रथिने व कर्बोदके दर ग्रॅमला 4 आणि स्निग्ध पदार्थ 9 कॅलरी देत असल्याने मॅक्रो मोजणारा कॅलरी आपोआपच मोजत असतो.

आपल्या घरांत खरी अडचण सामाईक पातेल्याची असते. माझी पद्धत अशी आहे: तूरडाळ शिजवण्यापूर्वी कोरडीच काट्यावर घ्यायची, फोडणीचे तेल चमच्याने मोजायचे, रिकाम्या पातेल्याचे वजन लिहून ठेवायचे, आणि आमटी झाल्यावर पातेल्यासकट वजन करून ते वजा करायचे. 150 ग्रॅम डाळ आणि दोन मोठे चमचे तेल यांची आमटी 1100 ग्रॅम भरली आणि माझ्या वाटीत 275 ग्रॅम आली, तर माझ्या वाट्याला चौथा हिस्सा येतो: सुमारे 190 कॅलरी आणि अवघी 8 ग्रॅम प्रथिने. त्या कॅलरींपैकी तिसरा हिस्सा फोडणीच्या तेलाचा असतो. डाळ म्हणजे प्रथिने हे खरेच आहे, पण वाटीभर आमटीत मुख्यतः पाणी असते.

25 ग्रॅम प्रथिने मिळवायची तर चार अंड्यांतून सुमारे 290 कॅलरी येतात, 50 ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून साधारण 170, आणि तेवढ्यासाठी शेंगदाणे खाल्ले तर 560 च्या वर. ‘प्रथिनयुक्त’ या एका शब्दाखाली हे तिन्ही पदार्थ एकाच रांगेत बसवले जातात, ते मला पटत नाही.

एकादशीच्या नोंदी तर फारच बोलक्या आहेत. 75 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम दाण्याचे कूट, अर्धा बटाटा आणि दोन लहान चमचे तूप यांची खिचडी सव्वापाचशे कॅलरींच्या आसपास जाते, पण प्रथिने जेमतेम 7 ग्रॅम, आणि तीही जवळजवळ सगळी दाण्यांची, कारण साबुदाण्यात ती नावालाच असतात. केवळ कॅलरी मोजताना हा दिवस उत्तम दिसत असे. आता उपवास तसाच ठेवून खिचडी निम्मी करतो आणि दूध, दही व पनीर वाढवतो.

दुसऱ्या टप्प्यात 2600 कॅलरी कायम ठेवून प्रथिने 115 ग्रॅमवर नेली. कमरेचा घेर जवळपास स्थिर राहिला, बेंच प्रेस पुन्हा पुढे सरकला आणि स्क्वॉटमध्ये शेवटचा सेट पूर्ण होऊ लागला. कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ यांची स्वतंत्र लक्ष्येही सुरुवातीला काटेकोर पाळली, नंतर सोडून दिली, आणि त्यामुळे उचलायच्या वजनांत काहीही घट झाली नाही. स्निग्धांश एकूण कॅलरींच्या 20 टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नाही आणि स्क्वॉटच्या दिवशी दुपारी भात किंवा भाकरी पोटभर खायची, एवढे दोन नियम मला पुरतात. रोज दोनच आकडे लिहायचे, कॅलरी आणि प्रथिने, ही पद्धत मी इथल्या नवोदितांना मनापासून सुचवेन, कारण चार आकडे मोजणाऱ्याची वही बहुधा लवकर बंद पडते.

पुढचा टप्पा कटचा, म्हणजे गरजेपेक्षा कमी खाऊन चरबी घटवण्याचा आहे. कॅलरी 2050 वर आणताना प्रथिने कमी न करता उलट 130 ग्रॅमपर्यंत वाढवणार आहे, कारण तुटीच्या काळात स्नायू टिकवण्यासाठी त्यांची गरज वाढते. 15 ग्रॅमची ही भर सोया वड्या आणि अंड्यांच्या पांढऱ्या भागातून घालायची असून, पहिली मापे येत्या महिन्याच्या अखेरीस लिहीन.