अफरवटचा तो उतार आम्ही सोडला

गुलमर्गच्या गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावर बाहेर आलो आणि उजवीकडचा उतार पाहून पाय तिथेच थांबले. रात्रभरात फूटभर बर्फ पडलेला, त्यावर एकही रेघ नाही, आणि ऊन नुकतंच टेकलेलं. पुण्याहून आम्ही चौघे याच्यासाठीच आलो होतो. तरी हिमस्खलनाच्या धोक्यामुळे तो उतार उतरलो नाही. गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स केला की मोकळ्या बर्फावर जायची ओढ लागतेच, म्हणून त्या सकाळचं सगळं सविस्तर लिहितो.

आधी जागा समजून घ्या. गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे. गोंडोला कोंगडोरी या मधल्या स्थानकामार्गे अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. गोंडोलाजवळच्या पट्ट्यात स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं सुरक्षा पथक, स्फोट करून धोक्याचा बर्फ आधीच पाडतं. त्या पट्ट्याच्या हद्दीच्या दोरीपलीकडे ते काम कोणी करत नाही. 2010च्या फेब्रुवारीत खिलनमर्गजवळ सरावाला आलेले 17 जवान हिमस्खलनात गेले. 2023मध्ये इथेच अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले आणि 2024मध्ये एक रशियन. बर्फात मुरलेली माणसंही यात सापडतात.

आमचा गाइड टनमर्गचा. मी बर्फ किती पडला ते विचारत होतो. तो म्हणाला, “पहले ये देखो, रात को हवा किधर से चली.” कड्याची पश्चिमेकडची बाजू खरवडून निघाली होती, दगड उघडे पडले होते. तिथला बर्फ वाऱ्याने उचलून आमच्या बाजूला, पूर्वेकडे आणून टाकला होता. म्हणजे फूटभर बर्फ पडला असला तरी या उतारावर त्याहून बराच जास्त साठला होता, आणि तोही दाबून बसलेला. काठी टोचली तर वर घट्ट लागायची आणि खाली एकदम पोकळ.

धारेवरून चालताना पायाखाली ‘धप्प’ असा जड आवाज झाला आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसला. आतला कमकुवत थर खचल्याचा हा आवाज आला की त्या दिवशी तीव्र उतार बंद. मला वाटतं, इतकी स्पष्ट सूचना डोंगर क्वचितच देतो. तरी खात्रीसाठी, तसाच रोख असलेल्या एका छोट्या सुरक्षित उतारावर आम्ही खड्डा खणला. तीस बाय तीस सेंटिमीटरचा खांब मोकळा केला, त्यावर फावडं आडवं ठेवलं आणि थर किती सहज सुटतो ते पाहायला ठोकायला सुरुवात केली. दहा ठोके मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून, असा क्रम असतो. बाराव्या ठोक्याला वरचा थर फळीसारखा सुटून माझ्या मांडीवर आला.

खालचा थर हातमोज्यावर घेतला तर जाडी साखर. दाणे सुटे, चमकणारे, मुठीत दाबले तरी गोळा होईना. चिल्ला-ए-कलांच्या, म्हणजे काश्मीरच्या हिवाळ्यातल्या सर्वांत कडक चाळीस दिवसांच्या, कोरड्या थंडीत बर्फाचा थर पातळ असतो. जमीन हवेपेक्षा उबदार, त्यामुळे वाफ खालून वर सरकते आणि असे दाणे वाढतात. त्यांच्यावर जड फळी बसली की एका माणसाचं वजनही पुरतं. उताराचा कोन मोजला, 38 अंश. बहुतेक फळी-स्खलनं, म्हणजे अख्खा थर फळीसारखा सुटणारी हिमस्खलनं, 30 ते 45 अंशांतच सुटतात. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. दोरीच्या आत परतलो आणि पेट्रोलच्या पट्ट्यातून कोंगडोरीला उतरलो. मन खट्टू झालं होतं, खोटं कशाला सांगू. दुपारी गुलमर्गखालच्या बाबारेशी गावाच्या बाजूच्या देवदारांतून पंचवीस अंशांखालचे उतार धरले. गुडघाभर भुसभुशीत बर्फ मिळाला आणि सगळे हसत खाली आलो. मात्र झाडी आहे म्हणून बिनधास्त राहू नका, डोक्यावर कुठला उघडा उतार येतो ते पाहा.

जाणार असाल तर परतीचं विमान दोन दिवस सैल ठेवा. मोठ्या हिमवर्षावानंतर दुसरा टप्पा बंद राहतो, आणि घाईत माणूस नको तो उतार धरतो. डीआरडीओच्या चंदीगडच्या प्रयोगशाळेचा हिमस्खलनाचा इशारा रोज पाहा, पण तो मोठ्या भागासाठी असतो, तुमच्या उतारासाठी नाही. संशयाची जागा ओलांडायचीच असेल तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित ठिकाणाहून नजर ठेवत.

बीकन (गाडलेल्याचा ठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच मोलाची असतात, तेवढ्यात खालून मदत येत नाही. आमच्यातल्या एकाने भाड्याने घेतलेल्या बीकनची बॅटरी निम्म्याहून कमी निघाली, तीही वर पोचल्यावर कळली. दुकानातच चालू करून पाहा, नव्या अल्कलाइन बॅटऱ्या स्वतः न्या. फोन बीकनपासून किमान वीस सेंटिमीटर लांब ठेवा, आणि शोध घेताना बंदच करा.