डेडलॉक: ऑर्डर ठरलेली दिसते, पण नसते

इंटरव्ह्यूत डेडलॉक (कामं एकमेकांची वाट बघत कायमची अडकणं) विचारला की पोरं चार अटी धडाधड म्हणून दाखवतात, म्युच्युअल एक्स्क्लूजन (एका वेळी एकालाच), होल्ड अँड वेट (एक धरून दुसऱ्याची वाट), नो प्रीएम्प्शन (हिसकावून घेता येत नाही), सर्क्युलर वेट (वाट बघण्याचं वर्तुळ). कॉफमन आणि मंडळींचा १९७१ चा पेपर, सगळं पाठ. मग समोर कोड ठेवून विचारलं यात अडकेल कुठे, की शांतता.

जावातलं साधं ट्रान्सफर फंक्शन घ्या. आधी 'फ्रॉम' खात्याचं लॉक (ते सोडेपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं), मग 'टू'चं, मग पैसे हलवायचे. वाचताना वाटतं ऑर्डर तर ठरलेलीच आहे की! पण एक थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं एक काम) अ कडून ब ला पाठवतोय आणि त्याच क्षणी दुसरा ब कडून अ ला, म्हणजे पहिल्याने अ धरलं, दुसऱ्याने ब, आणि आता दोघं एकमेकांची वाट बघत बसलेत ते कायमचे. नावं तीच, आतली ऑब्जेक्ट उलटी. टेस्टिंगमध्ये हे बहुतेकदा नजरेतून सुटतं कारण दोन लॉकमधली फट फारच बारीक असते, प्रॉडक्शनला लोड आला की बरोबर गाठते.

आणि बोंब म्हणजे एरर नाही, एक्सेप्शन नाही, सीपीयू पण गार. लोक लगेच रीस्टार्ट मारतात आणि पुरावा घालवतात. आधी जेस्टॅक (थ्रेडची स्थिती, म्हणजे डंप, दाखवणारं जावाचं टूल) चालवा हो, कोणता थ्रेड कोणतं लॉक धरून कशासाठी थांबलाय ते डंपमध्ये सरळ लिहून येतं.

उपाय कंटाळवाणा आहे पण तोच चालतो: ज्याचा खाते नंबर लहान त्याचं लॉक आधी, पैसे कुठूनही कुठे जावोत. ट्रायलॉक (लॉक मिळालं तर घ्यायचं, नाही तर अडून न बसणं) आणि टाइमआउटही करता येतं, पण मग सोडा, परत घ्या, परत सोडा, तो गोंधळ वेगळाच, मी तरी शेवटी ठेवतो.

डेटाबेसवाल्यांची मजा असते, मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन इनोडीबी स्वतःच एका ट्रान्झॅक्शनचा बळी देऊन रोलबॅक करतं (त्याचे बदल मागे घेतं), एरर १२१३. जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं व्हर्च्युअल मशीन) असं करू शकत नाही, अर्धवट बदललेली ऑब्जेक्ट मागे कोण नेणार?

एक प्रकार मात्र जेस्टॅकलाही डेडलॉक म्हणून दिसत नाही. थ्रेड पूलमधल्या (कामं वाटून घेणाऱ्या थ्रेडच्या गटातल्या) टास्कने त्याच पूलला दुसरं टास्क दिलं आणि फ्यूचरवर (त्याच्या येणाऱ्या निकालावर) गेट करून थांबलं, पूल भरलेला, म्हणजे आतलं टास्क चालवायला थ्रेडच शिल्लक नाही. इथे लॉकचं वर्तुळच नसतं, त्यामुळे डंप स्वतः वाचावा लागतो, सगळे वर्कर गेटवर अडकलेले दिसले की आतल्या टास्कसाठी वेगळा पूल काढायचा.