पाच तास गाडी चालवूनही मागची बॅटरी रिकामीच

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या विल्पीना पाउंडच्या कॅम्पग्राउंडवर पहाटे तीनला आईने मला हलवून उठवलं. "अगं, फ्रिजचा आवाज बंद झालाय." आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ॲडलेडला आली होती आणि तिच्या इन्सुलिनची न उघडलेली पेनं त्या फ्रिजमध्ये होती. झाकणावर लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे व्होल्टेज कमी पडलं होतं. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता, बाहेर कडाक्याची थंडी, त्यामुळे त्या रात्री औषधाला धोका नव्हता. पण ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही ऊडनाडाटा ट्रॅकवर जाणार होतो. मरी ते मार्ला सहाशेवर किलोमीटर कच्चा रस्ता, दिवसा चांगलंच ऊन, आणि न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहायला हवं. मला झोप लागली नाही.

आमच्या फोर-बाय-फोरला दोन बॅटऱ्या आहेत. पुढे बॉनेटखाली इंजिन सुरू करणारी, मागे डिकीत 100 अँपिअर-अवरची एजीएम (सीलबंद लेड बॅटरी), जिच्यावर फ्रिज आणि दिवे चालतात. दोघींच्या मध्ये आयसोलेटर. इंजिन सुरू झालं आणि पुढचं व्होल्टेज 13.3 च्या वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, 12.8 च्या खाली आलं की तोडतो. म्हणजे रात्री फ्रिजने मागची बॅटरी कितीही ओढली तरी सकाळी गाडी सुरू होतेच. आमचा 45 लिटरचा फ्रिज दिवसाला साधारण 35 ते 40 अँपिअर-अवर खातो. ॲडलेडहून पाच तास गाडी चालवून आल्यावर एक रात्र तर अगदी सहज निघायला हवी होती.

सकाळी मल्टीमीटर लावला. मागची बॅटरी 12.0. इंजिन सुरू केलं, 12.9. आकडा वर गेला म्हणजे चार्ज होतेय, बॅटरीच म्हातारी झाली असणार, असं मी ठरवून टाकलं. परत आल्यावर नवी बॅटरी आणायला निघालेही होते. त्याआधी कराडच्या मामाला फोन केला. मामा वीज मंडळात वायरमन होता, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढं किती आहे त्याच वेळी? आणि करंट वाहत असताना मोजलंस का? तोटी बंद असली की नळाला प्रेशर दिसतंच गं. तोटी सोड आणि मग बघ, पाणी वाटेत कुठं अडतंय ते."

मी पुढे मोजलंच नव्हतं.

शनिवारी घराच्या ड्राइव्हवेवर बसले. मागची बॅटरी मुद्दाम अर्धी रिकामी केली, इंजिन चालू ठेवलं आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर केबलला अडकवला. मागे 18 अँपिअर जात होते. पुढच्या बॅटरीवर 14.2 व्होल्ट, मागच्या बॅटरीवर 12.9. म्हणजे 1.3 व्होल्ट वाटेत गळत होते. ही गळती शोधायची पद्धत मला त्या दिवशी कळली आणि ती सांगण्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, त्याच्या एका टोकाला लांब वायर जोडायची आणि पुढच्या प्लसपासून मागच्या प्लसपर्यंत मोजायचं. मग पुढच्या मायनसपासून मागच्या मायनसपर्यंत. जोडणी निर्दोष असेल तर आकडा शून्याच्या जवळ हवा. मला दोन्ही बाजूंना 0.65 मिळाले. मागची बॅटरी भरलेली असताना, करंट जवळजवळ नसताना हेच मोजलं असतं तर दोन्हीकडे शून्याच्या आसपास दिसलं असतं आणि मी निश्चिंतपणे नवी बॅटरी आणली असती.

आता प्लसची बाजू तुकड्यातुकड्याने. आयसोलेटरवर 0.05, म्हणजे तो बिचारा ठीक होता. स्वस्तातल्या सर्किट ब्रेकरवर 0.2, आणि हात लावला तर चांगलाच गरम. उरलेले 0.4 केबलमध्ये. ती केबल दोन वर्षांपूर्वी मीच टाकली होती. पुण्यात घराचं वायरिंग करताना आपण दुकानात "सहा एमएम द्या" म्हणतो तेव्हा ते सहा चौरस मिलिमीटर तांबं असतं. इथे ऑटोच्या दुकानात मी तेच मागितलं आणि रिळावर 6 मिमी लिहिलेली केबल घेतली. पण इथली ऑटो केबल प्लास्टिकच्या आवरणासकट बाहेरून किती जाड आहे, त्यावर विकली जाते. त्या 6 मिमीमध्ये तांबं असतं साधारण 4.6 चौरस मिलिमीटर. जाड केबलला इथे बीअँडएस हे माप वापरतात आणि त्यात आकडा लहान तितकी केबल जाड. 6 बीअँडएस म्हणजे जवळजवळ 13.5 चौरस मिलिमीटर, तिप्पट तांबं. दोन्हीकडे "सहा"च. भारतातून आलेल्या माणसाने तर ही गोष्ट खिळ्याने कोरून ठेवावी. केबल घेताना आकडा विचारू नका, तांब्याचं क्षेत्रफळ विचारा.

मायनसची बाजू लवकर सापडली. मागच्या बॅटरीचा मायनस डिकीतल्या एका बोल्टमधून गाडीच्या बॉडीला दिला होता, बोल्टखाली रंग होता तसाच, आणि रंगातून करंट नीट जात नाही. बोल्ट हलत नव्हता, वर स्वच्छ दिसत होता, म्हणून इतके दिवस कोणी संशयच घेतला नाही. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला असता तरी भागलं असतं, पण मी गाडीच्या बॉडीवर विसंबायचं नाही असं ठरवलं आणि मायनसची स्वतंत्र केबलही पुढपर्यंत ओढली. दोन्ही 6 बीअँडएस, लग (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले. ब्रेकर काढून प्लसच्या केबलच्या दोन्ही टोकांना फ्यूज बसवले. दोन्ही टोकांना का, तर दोन्हीकडे बॅटरी आहे. केबल मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लावायला कुठलीही एक पुरेशी आहे. काम सुरू करताना आधी मायनस सोडायचा, हे मामाने तीनदा बजावलं.

गळती 0.3 वर आली. मला वाटलं संपलं.

पुढच्या रविवारी डोंगरात तासभर फिरून आलो आणि पुन्हा मोजलं. पुढेच 13.3. अल्टरनेटर तापला की त्याचा रेग्युलेटर व्होल्टेज उतरवतो. पुढच्या बॅटरीला तेवढं पुरतं, कारण ती गाडी सुरू करण्यापुरतीच खर्च झालेली असते. खोल रिकामी झालेल्या एजीएमला मात्र 14.4 च्या आसपास काही तास मिळाले तरच ती काठोकाठ भरते. म्हणजे आमची बॅटरी गेली दोन वर्षं अर्धपोटी राहत आली होती. तिचंही मोजमाप केलं. घरच्या चार्जरवर पूर्ण भरली, रात्रभर ठेवली आणि हेडलाइटचा जुना 55 वॅटचा बल्ब जोडला. सकाळी नऊला सुरू केला, संध्याकाळी सहाला बॅटरी 11.5 वर आली. साडेचार अँपिअर, नऊ तास. म्हणजे शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीची ताकद चाळीसवर आली होती. अर्धवट भरलेल्या लेड बॅटरीत सल्फेट साचतं आणि ते घट्ट झालं की परत निघत नाही. बॅटरी म्हातारी होती हे खरंच होतं, पण तिला म्हातारं आम्हीच केलं होतं. त्याच केबलवर नवी बसवली असती तर तिचंही तेच झालं असतं.

मग आयसोलेटर काढून 25 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला. पुढून येईल ते व्होल्टेज घेऊन मागच्या बॅटरीला हवं ते तयार करून देतो. इंजिन चालू आहे हे त्याला कळवणारी इग्निशनची वायर मी आधी जोडली नव्हती, म्हणून अल्टरनेटर उतरला की तो झोपी जायचा. त्यात एक संध्याकाळ गेली. मागे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, जेमतेम बारा किलोची, आधीची तीसच्या घरात होती. ती डिकीतच ठेवली, बॉनेटखालची उष्णता तिला चालत नाही. लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ 13.2 च्या आसपासच राहतं, मीटरने किती उरली ते कळत नाही, म्हणून बॅटरीत किती करंट गेला-आला त्याचा हिशेब ठेवणारा शंट मायनसच्या वाटेत लावला. तिथेही पहिल्या दिवशी आकडे चुकले, कारण फ्रिजचा मायनस थेट बॅटरीला होता. सगळे मायनस शंटच्या पलीकडे नेले आणि हिशेब जुळला. फ्रिजची सिगारेट लायटरची पिनही काढली. ती गरम व्हायची, आणि बॅटरीवर 12.0 असताना फ्रिजपर्यंत 11.4 पोचायचे. आता तिथे अँडरसन प्लग आहे, जास्त करंट पेलणारा.

निघायच्या आदल्या रात्री शेवटचं मोजलं. इंजिन अर्धा तास तापवलेलं, चार्जर पूर्ण जोरावर. मागे 14.2. मामाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "लग परत एकदा आवळ. खराब रस्त्यावर सैल होतात." आवळले. मरीला पोचल्यावर पुन्हा बघितले, एक खरंच पाव फेरा सैल होता.

ट्रॅकवरच्या कावर्ड स्प्रिंग्सला आम्ही दोन रात्री राहिलो. जुन्या रेल्वेच्या काळातली खजुराची झाडं, गरम वारा, आणि दुपारी फ्रिज सतत चालू. गाडी तिथे पोचल्यापासून हलवली नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे मी आईच्या आधी उठले आणि शंटचा आकडा बघितला. 44 टक्के. फ्रिज 4 अंशांवर. थोड्या वेळाने आई आली, फ्रिजमधून नवं पेन काढलं आणि थंडपणा जाईपर्यंत दोन्ही तळव्यांत धरून खुर्चीवर बसून राहिली.