२१ न्यूटनची काडी

माझी नोकरी फोंड्याजवळच्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये. काँक्रीटचे क्यूब फोडायचे, सळ्या ताणून तोडायच्या, रिपोर्टवर सही करायची. पावसाळ्याच्या तोंडावर दंतवैद्यकाची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी प्लास्टिकच्या डबीत बारीक काड्या घेऊन आली. दात भरतात त्या काँपोझिटच्या काड्या. लांबी २५ मिलिमीटर, रुंदी आणि जाडी दोन-दोन. आयएसओ ४०४९ या मानकात हाच आकार दिलेला आहे. काड्या चोवीस तास ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायच्या, मग २० मिलिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर आडव्या टाकून मधोमध दाबायच्या, मोडेपर्यंत. काँपोझिट दाढेच्या चावायच्या बाजूला वापरायचं असेल तर वाकवण्यातली ताकद किमान ८० मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला ८० न्यूटन) भरायला हवी.

हिशेब मांडला आणि हसू आलं. एवढ्याशा काडीला ८० मेगापास्कल म्हणजे जेमतेम २१ न्यूटन, दोन-सव्वादोन किलोचं वजन. क्यूब फोडायच्या आमच्या धुडाला काडी मोडल्याचा पत्ताही लागला नसता. छोटा लोड सेल, म्हणजे भार मोजणारा भाग, असलेलं दुसरं मशीन लावून दिलं. ती जायला निघाली तेव्हा विचारलं, "हे एवढ्यात मोडतं, मग दाढेत टिकतं कसं?" ती म्हणाली, "सर, दाढेवर जोरात चावलं तर पाचशे न्यूटनच्या पुढेही जातं." आणि गेली. उत्तर काही मिळालं नाही.

ते मिळालं स्वतःची दाढ मोडल्यावर. उजवीकडची खालची दाढ, कॉलेजात असताना चांदी, म्हणजे अमाल्गम, भरलेली. जत्रेतून आणलेलं खाजें चावताना तिचा आतला कोपरा सुटला. दुखत नव्हतं, पण जीभ सारखी तिथेच जायची आणि कापायची. फोंड्यातल्याच एका डॉक्टरबाईंकडे गेलो. एक्स-रेत नस सुरक्षित दिसली, त्यामुळे रूट कॅनल टळलं. उरलेल्या चांदीखाली मात्र काळपट सावली होती, म्हणजे ती सगळी काढणं आलं. पुन्हा चांदी भरणार का, असं विचारल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यात पारा असतो, पाऱ्यावर आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानंतर तिचा वापर जगभर कमी होत चाललाय, आणि युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून ती जवळपास बंदच केली. "आपण लाइट क्युअर करू," त्या म्हणाल्या. म्हणजे दिव्याच्या उजेडाने घट्ट होणारं काँपोझिट.

मी धंद्याच्या सवयीने विचारलं, "त्याची ताकद किती?"

"कसली ताकद? दाबातली, ताणातली की वाकवण्यातली?"

हा प्रश्न मी रोज गिऱ्हाइकांना विचारतो. तो उलटून माझ्यावर आला, आणि पुढची दहा मिनिटं तोंड उघडण्याऐवजी आम्ही दोघं बोलत बसलो. काँपोझिट हे आमच्या काँक्रीटच्याच जातीचं निघालं: काचेची बारीक पूड म्हणजे खडी, रेझिन म्हणजे सिमेंट, आणि दोघं एकमेकांना धरून राहावेत म्हणून पुडीच्या कणांवर सायलेनचा लेप. दाढेच्या काँपोझिटमध्ये वजनाने सत्तर-ऐंशी टक्के काचच असते. दाबाखाली ते तीनशे मेगापास्कलच्या आसपास तग धरतं, ताणात पन्नासलाही धाप लागते. माझी काडी २१ न्यूटनला मोडली ती तिच्या खालच्या अंगाला ताण पडला म्हणून. दाढेत खाली डेंटिनचा, म्हणजे इनॅमल या कडक वरच्या थराखालच्या भागाचा, पाट असतो, काडीसारखा पूल नसतो, त्यामुळे बराचसा भार दाबाच्या रूपाने खाली उतरतो.

बराचसा, सगळा नाही. जिथे थर पातळ तिथे पुन्हा वाकणं आलंच, आणि वाकण्याचा हिशेब जाडीच्या वर्गावर चालतो. जाडी निम्मी केली की मोडायला लागणारा भार चौथाई. म्हणून मोडक्या कोपऱ्यापाशी काँपोझिटची नुसती पापडी बसवून त्या थांबणार नव्हत्या. दीड-दोन मिलिमीटर जाडी मिळेल इतकी जागा करणार होत्या. चांगला दात अजून थोडा कोरायचा हे मला जिवावर आलं होतं. वर्गाचा हिशेब डोळ्यांसमोर आल्यावर मी मुकाट्याने आडवा झालो.

"दुखल्यार हात वयर करात," एवढं सांगून त्यांनी इंजेक्शन दिलं. चांदी निघायला फार वेळ लागला नाही. खालची कीड काढायला लागला.

मग रबर डॅम. दाताभोवती रबराचा पडदा ताणून बसवतात, फक्त काम करायची दाढ वर. बाहेर धो धो पाऊस, खोलीत एसी, पण खरी अडचण तोंडातल्या वाफेची आणि लाळेची, ती अडवायला हा पडदा. बऱ्याच जणांना पडदा नको वाटतो, गुदमरल्यासारखं होतं म्हणतात. मला उलट बरं वाटलं. गिळताना घशात काही जाईल ही धास्ती गेली.

पुढचा टप्पा ॲसिडचा. निळी जेल, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, काही सेकंद ठेवून भरपूर पाण्याने धुतलं. याची गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. मायकल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने १९५५ साली इनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिड लावून ॲक्रिलिक घट्ट चिकटवून दाखवलं. कल्पना सुचली ती रंगकामावरून: धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक ॲसिड लावत. सात वर्षांनी, १९६२ मध्ये, राफेल बोवेनने बिस-जीएमए या रेझिनचं पेटंट मिळवलं, आणि आजची बरीचशी काँपोझिट्स अजून त्याच घराण्यातली आहेत. दाताचं शास्त्र म्हणजे काहीतरी निराळंच असेल अशी माझी समजूत होती. इथे तर अर्धी विद्या आमच्याच शेडमधून गेलेली.

ॲसिडनंतर दात कोरडा ठणठणीत करायचा नसतो. इनॅमलला चालतं, पण डेंटिन फार सुकवलं तर त्यातले उघडे पडलेले कोलॅजनचे धागे आडवे पडतात आणि बाँडिंगचा द्रव आत शिरत नाही. ओलसर ठेवायचं, पण पाणी साचू द्यायचं नाही. हे सगळं डोळ्यांच्या अंदाजावर. माझ्या लॅबमध्ये असं काम कोणी अंदाजाने केलं तर मी नमुना परत पाठवीन.

शेजारच्या दाताच्या बाजूची भिंत उभी करायला धातूची पातळ पट्टी लावली, तळाशी लाकडाची बारीक पाचर ठोकली. सगळ्या कामात नकोसं वाटलं ते एवढंच. मग खरा भरणा, आणि तो थरांनी. एक थर जास्तीत जास्त दोन मिलिमीटरचा, तोही सपाट नाही तर तिरपा, आधी एका भिंतीला टेकवून, मग दुसऱ्या. त्याला दोन कारणं. पहिलं म्हणजे निळा उजेड खोल जात नाही. रेझिनमध्ये कॅम्फरक्विनोन नावाचं पिवळं द्रव्य असतं, ते ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड शोषतं आणि घट्ट होण्याची साखळी सुरू करतं. उजेड कमी पडला तर वरचा भाग कडक आणि तळाचा भाग कच्चा, आणि वरून टोचून ते कळतही नाही. चार मिलिमीटर एकदम भरता येतील अशी बल्क-फिल काँपोझिट्स मिळतात, पण बाईंचा भरवसा छोट्या थरांवर.

दुसरं कारण आकसण्याचं. घट्ट होताना काँपोझिट आकारमानाने दोन-तीन टक्के आटतं. ऐकायला थोडं वाटतं. पण चहूबाजूंनी भिंतींना चिकटलेला पदार्थ आटला तर एक तर भिंती आत ओढल्या जातात किंवा चिकटलेली कड सुटते. कड सुटली की फटीत जंतू, आणि भरलेल्या दाताखाली पुन्हा कीड. काँपोझिट निकामी होण्याची मुख्य कारणं दोनच, ही नवी कीड आणि मोडणं. त्या विद्यार्थिनीच्या काड्या दुसऱ्या कारणाबद्दल सांगत होत्या. पहिल्याबद्दल आमच्या मशीनकडे सांगण्यासारखं काही नाही.

प्रत्येक थरावर दिव्याचं टोक, वीस सेकंद, डोळ्यांपुढे नारिंगी ढाल. तळाच्या थराला त्यांनी दुप्पट वेळ दिला, कारण खड्डा खोल आणि दिवा जितका लांब तितका उजेड कमी. तोंड उघडं असल्यामुळे मला दिव्याचं कॅलिब्रेशन विचारता आलं नाही. नंतर विचारलं. त्यांनी ड्रॉवरमधून रेडिओमीटर, म्हणजे उजेडाची तीव्रता मोजायचं यंत्र, काढून दिव्याचं टोक त्यावर टेकवून दाखवलं. मला तिथे मनापासून विश्वास बसला. सिरिंजवर छापलेला मेगापास्कलचा आकडा कंपनीच्या लॅबमधल्या काडीचा असतो. माझ्या दाढेतला आकडा ठरणार लाळ किती अडवली, थर किती जाड घातला आणि दिवा किती वेळ कुठे धरला यावर. कुठलं काँपोझिट, हा प्रश्न मी आता तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवतो.

शेवटी निळा कागद चावायला देऊन उंची तपासली. इंजेक्शनने जबडा बधिर असताना नीट चावलं जात नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत बोलावलं; एक ठिपका जास्त गडद उमटत होता, तो घासला. उंच ठिपका राहू देऊ नये, कारण सगळा भार त्या एका जागी येतो. थोडे दिवस गार पाणी झोंबलं, मग थांबलं. काँपोझिट दिवा बंद झाल्यावरही दिवसभर थोडं थोडं घट्ट होत राहतं, त्यामुळे पहिल्या दिवशी मी उंडे (कडक पाव) आणि चणे डाव्या बाजूनेच खाल्ले. पॉलिश नीट झालं नाही तर हळद आणि चहा धरतात असंही ऐकलं होतं. दाढ मागे असल्याने मला त्याची फिकीर नाही, समोरच्या दातांना असती.

बाईंनी कार्डावर काँपोझिटचं नाव, शेड आणि बॅच नंबर लिहून दिला. हे मागून घ्यावं. सहा महिन्यांनी कडा तपासायला बोलावलंय, आणि तेव्हा गरज वाटली तर एक्स-रे.