स्कॅरॅबच्या मापाचं इंजिन आणि उलट्या हिशेबाचा जेट

त्या दिवशी डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवलेलं इंजिन स्कॅरॅब या शर्यतीच्या गाडीचं अस्सल नव्हतं, मापं मात्र तीच. शेवरोलेचा मुळचा २८३ घनइंची व्ही-८, वाढवून बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.३७५ इंच, म्हणजे ३३९ घनइंच. वर कार्ब्युरेटरऐवजी हिलबॉर्नचं मेकॅनिकल इंजेक्शन, म्हणजे पंपाने नोझलांतून पेट्रोल ढकलणारी रचना. लान्स रेव्हेंटलोच्या स्कॅरॅबने अशाच इंजिनावर १९५८ मध्ये रिव्हरसाइडची शर्यत जिंकली, चालवायला चक डेग. इंजिनांचं काम बघणारे जिम ट्रॅव्हर्स आणि फ्रँक कून इंडियानापोलिसमधून आलेले. १९५३ आणि ५४ ला तिथली ५०० मैलांची शर्यत बिल वुकोविचला जिंकून देणाऱ्या त्यांच्या गाडीवरही हिलबॉर्नच होतं. त्यांना हा प्रकार तोंडपाठ होता. आमच्याकडे आलेल्या इंजिनाला आधी ज्याचा हात लागला होता, त्याला नव्हता.

तक्रार अशी: ६००० आरपीएमच्या वर काळा धूर आणि ताकद गळते. आठही प्लग काजळीने माखलेले. पेट्रोल जास्त होतंय म्हणून आधीच्या माणसाने जेट, म्हणजे पेट्रोलच्या वाटेतलं मापाचं भोक, १०० वरून ८५ वर आणला, तसा त्रास वाढला. हा कार्ब्युरेटरवाल्याचा हिशेब: तिथे जेट लहान केला की पेट्रोल कमी होतं. हिलबॉर्नचा मुख्य जेट टाकीकडे परतणाऱ्या नळीत बसतो. पंप इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे पेट्रोल ढकलतो, हवा किती आली हे त्याला कळतच नाही. परतीची वाट अरुंद केली की उरलेलं सगळं नोझलांतून सिलिंडरात. आकडे हजारांश इंचात असतात. १०० चं ८५ केलं की भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ २८ टक्क्यांनी घटतं.

तरी लगेच जेट बदलला नाही. आधी परतीची नळी कुठे चेपली आहे का ते पाहिलं, कारण तिथला दाबही पेट्रोल वाढवतो. मग आठही नोझल आठ बाटल्यांत सोडून मोजले. एक कमी देत होता, आत कचऱ्याचा बारीक धागा. तो तसाच ठेवून सगळ्यांचंच पेट्रोल कमी केलं असतं, तर सात सिलिंडर सुधारले असते आणि आठव्याच्या पिस्टनला भोक पडलं असतं.

१०० चा जेट घातल्यावर मधल्या आरपीएमचा पट्टा स्वच्छ झाला, वर अजून थोडा धूर. टॉर्कचं शिखर ओलांडलं की सिलिंडर पूर्वीइतके भरत नाहीत, पंप मात्र त्याच प्रमाणात ढकलत राहतो. त्यासाठी जास्तीचं पेट्रोल परत सोडणारा, स्प्रिंगचा वेगळा बायपास असतो. त्यातला एक शिम (स्प्रिंग दाबून ठेवणारी पातळ चकती) काढला, बायपास लवकर उघडू लागला. पूर्ण थ्रॉटलवर इग्निशन आणि पेट्रोल एकदमच तोडून प्लग पुन्हा पाहिले. नुसतं इग्निशन तोडलं तर कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं.

इंजिनासोबत ९५, १०० आणि १०५ असे तीन जेट दिले, कारण दुपारी हवा तापून विरळ झाली की १०५ लागेल. डबीवर ठळक लिहिलं: मोठा आकडा, कमी पेट्रोल.